वाळूचा वाफसा

पाऊस उघडला की आपल्याकडे बांधाबांधावर एकच प्रश्न असतो: "वाफसा आला का?" वाफसा म्हणजे जादा पाणी निथळून गेल्यावर रानात उरलेली कामाजोगी ओल. निफाडच्या काळ्या रानात हा प्रश्न चार-पाच दिवस विचारत राहावा लागतो. पाय टाकला की चिखल चपलेसकट वर येतो आणि घाई करून औत घातलंच, तर अशी ढेकळं निघतात की पुढचा पाऊस पडेपर्यंत फुटत नाहीत. त्याच तालुक्यात गोदाकाठच्या पोयट्याच्या, म्हणजे नदीच्या वाळूमिश्रित गाळाच्या, पट्ट्यात रात्रभर झोडपून पाऊस झाला तरी सकाळी दहाला कोळपं चालतं. मात्र पाऊस थांबला आणि ऊन तापलं की दोन-तीन दिवसांत त्याच पट्ट्यातलं पीक दुपारी मान टाकायला लागतं. काळ्या रानात तेव्हा कुठे पाऊल टाकता येत असतं.

यावरून सगळे एक निष्कर्ष काढून मोकळे होतात की रेताड जमीन पाणी धरत नाही. हे अर्धंच खरं आहे. ती धरते कमी, पण धरलेल्यातलं देते सढळ हातानं. खरी अडचण दुसरीकडे आहे. नाशिकच्या माणसाचा पाणी देणारा हात काळ्या जमिनीवर तयार झालेला आहे. पाण्याची पाळी किती दिवसांनी द्यायची, मोटर किती तास चालवायची, खत कधी टाकायचं, याची सगळी गणितं काळीची. तीच वाळूसर रानात लावली की पाणीही जातं, खतही जातं आणि दोष जमिनीच्या माथी बसतो.

आधी एक खुलासा. राजस्थानात असतं तसं वाळूचं रान आपल्याकडे नाही. आपला सगळा डोंगर काळ्या पाषाणाचा, त्यामुळे नदीची वाळूही काळपट करडी. पांढरी चमकणारी वाळू इथे फारशी दिसत नाही. 'हलकी जमीन' या एका नावाखाली आपण दोन वेगळ्या गोष्टी घालतो: गोदावरी, दारणा, कादवा, गिरणा, मोसम यांच्या काठची वाळूमिश्रित पोयट्याची जमीन, आणि सिन्नर, देवळा, चांदवडकडच्या माळांवरची मुरमाड बरड. पाण्याच्या बाबतीत दोघी बहिणी आहेत, जुळ्या मात्र नाहीत. मुरमाचा कुजलेला खडा स्वतःच्या आत थोडं पाणी पितो आणि त्याच्या भेगांत मूळ शिरतं. वाळूचा कण आतून भरीव. त्याच्यापाशी जे काही पाणी असतं ते बाहेरच.

ते बाहेरचं पाणी नेमकं कुठे असतं हे भिंगातून बघण्यासारखं आहे. ओली वाळू चिमटीत घ्या, काचेवर पसरा. दोन कण जिथे एकमेकांना टेकतात तिथे पाण्याचं एक बारीक कडं दिसेल, अंगठीसारखं. कणांच्या अंगावरही पापुद्र्यासारखा थर असतो, पण साठा म्हणावा असा या कड्यांत आणि कणांमधल्या अरुंद पोकळ्यांतच. हीच कडी कणाला कण धरून ठेवतात, म्हणून ओल्या वाळूचा खोपा उभा राहतो आणि वाळला की ढासळतो. रुंद पोकळ्या मात्र रिकाम्या होऊन गेलेल्या असतात. त्यांच्यात हवा शिरलेली असते.

कोणती पोकळी पाणी धरेल आणि कोणती सोडेल, याचा हिशेब सोपा आहे. ३० या आकड्याला पोकळीच्या मिलिमीटरमधल्या रुंदीनं भागा. जे उत्तर येईल तितके मिलिमीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ ती पोकळी पेलू शकते. ०.३ मिमी रुंदीची पोकळी १०० मिमी, म्हणजे १० सेंटिमीटर पेलते. ०.०३ मिमीची एक मीटर. जाडसर वाळूच्या पोकळ्या पहिल्या प्रकारातल्या, म्हणून पाऊस थांबला की त्या स्वतःच्या वजनानंच रित्या होतात. चिकणमातीच्या पोकळ्या त्याच्या शंभराव्या भागाहूनही बारीक. तिथलं पाणी खेचून काढायला मुळांनाही दम लागतो आणि शेवटी मुळं हरतात.

आता आकडे. साधारण रेताड मातीत वाफशाला घनफळाच्या १० टक्के पाणी असतं. पीक कायमचं सुकतं तेव्हा ४ टक्के उरलेलं असतं. पिकाच्या हाती लागतात ६ टक्के, म्हणजे एक मीटर खोलीत ६० मिमी. भारी काळ्या मातीत वाफशाला ३८ टक्के आणि पीक सुकताना तब्बल २२ टक्के. पिकाला मिळतात १६, म्हणजे मीटरला १६० मिमी. बारीकसारीक फरक सोडा, पण यातली एक गोष्ट डोळ्यांत भरते. काळी जमीन धरलेल्या पाण्यातलं निम्म्याहून जास्त स्वतःजवळच ठेवून घेते. पीक मेलं तरी मूठ सोडत नाही. वाळू जे देते ते बिनबोभाट देते; तिच्या पाण्याचा मोठा भाग मुळाला फारसं ओढावं न लागताच मिळतो. बँकेच्या भाषेत काळी म्हणजे मुदत ठेव, वाळू म्हणजे खिशातली सुटी नाणी.

या सुट्या नाण्यांचा एक फायदा सिन्नर-येवल्यासारख्या कमी पावसाच्या भागात कळतो. जूनच्या सुरुवातीला १० मिमीची एक सर पडली असं धरा. सुकलेल्या वाळूसर रानात ती १६-१७ सेंटिमीटरपर्यंत उतरते (१० मिमीला ६ टक्क्यांनी भागायचं). काळ्या रानात जेमतेम सहा, आणि माती उन्हात करपून गेलेली असेल तर त्याहून कमी. काळीतलं ते सहा सेंटिमीटरमधलं पाणी दोन उन्हांत उडून जातं. वाळूचा वरचा दोन-तीन बोटं थर वाळला की मात्र खालचं पाणी वर चढायची वाट तुटते आणि वाळू स्वतःवरच आच्छादन घालते. म्हणून फार कमी पावसाच्या प्रदेशात रेताड जमिनीवरची झाडं भारी जमिनीवरच्यापेक्षा हिरवी राहतात. पाऊस भरपूर झाला की उलटं. जादा पाणी साठवायला काळी हवी. हलकी जमीन नेहमीच वाईट, हे म्हणणं त्यामुळे हिशेबात बसत नाही.

वाळणाऱ्या वाळूची ही तुटलेली वाट वरच्या थरात उपकार करते आणि मुळापाशी घात. वाळू ओली असते तेव्हा तिच्यातून पाणी धावतं. पण रुंद पोकळ्या रित्या झाल्या की उरलेली कडी सुटी सुटी पडतात आणि एका कड्यातलं पाणी दुसऱ्याकडे जाऊ शकत नाही. मुळाच्या अगदी शेजारचं पाणी संपतं, बोटभर अंतरावर थोडं असतं, पण ते मुळापर्यंत पोचत नाही. काळी माती वाळत असताना सुद्धा हळूहळू पुरवठा करत राहते, म्हणून तिच्यातलं पीक आठवडाभर आधीपासून कुरकुरतं, पानं जरा मलूल करतं. वाळूतलं पीक सकाळी टवटवीत आणि दुपारी चारला मान टाकून, असं होतं. इशाऱ्याची वाट बघणाऱ्यानं इथे फसायचंच ठरवलेलं असतं.

म्हणून टेन्शिओमीटर (मुळाला पाणी ओढायला किती जोर लागेल ते सेंटिबारमध्ये दाखवणारं उपकरण; आकडा जितका मोठा तितकी माती कोरडी) लावणार असाल तर आकडा काळीच्या शेजाऱ्याकडून घेऊ नका. भारी जमिनीत ४० ते ६० सेंटिबारला पाणी द्यायचं असेल तर वाळूसर जमिनीत १० ते २० लाच द्यावं लागतं. तिथे ४० दिसेपर्यंत देण्यासारखं बहुतेक पाणी संपलेलं असतं. दुसरी अडचण बसवण्यात येते. टेन्शिओमीटरचं भाजक्या मातीचं टोक वाळूला नीट टेकत नाही, मध्ये हवा राहते आणि काटा हलतच नाही. भोक पाडल्यावर त्यात चाळलेल्या पोयट्याचा पातळ राबडा ओता, त्यात टोक बसवा आणि मग बाजू दाबा. काटा दोन दिवस एकाच जागी बसून असेल तर तो पाण्याची खबर देत नसून हवेची देतोय, असं समजा.

उपकरण नसेल तर मूठ आहेच. वीतभर खोलीची माती काढा, मुठीत दाबा. वाफशातली वाळूसर माती गोळा होते, पण बोट लावलं की फुटते, आणि तळहातावर ओला डाग उमटतो. गोळा झाला पण डाग नाही, तर पाणी द्यायची वेळ जवळ आली. गोळाच झाला नाही तर उशीर झाला. काळ्या मातीत हीच परीक्षा वेगळी: तिथे गोळा होणारच, अंगठ्यानं दाबून फीत किती लांब निघते ते बघायचं. वाळूची फीत निघत नाही.

आता ठिबकाकडे, कारण जिल्ह्यात पाण्याचा सगळ्यात मोठा घोटाळा इथेच आणि सगळ्यात चांगल्या हेतूनं होतो. टोमॅटोचं रान घ्या. ठिबकाच्या दोन नळ्यांमध्ये (लॅटरलमध्ये) पाच फूट, म्हणजे दीड मीटर. नळीवर थेंब सोडणारे ड्रीपर ४० सेंटिमीटरवर, ताशी दोन लिटरचे. एका ड्रीपरच्या वाट्याला ०.६ चौरस मीटर जागा. पिकाची गरज दिवसाला ५ मिमी धरली तर ३ लिटर, म्हणजे मोटर दीड तास. इथवर सगळे बरोबर येतात. मग दीड तास एका दमात सोडतात.

वाळूसर मातीत ड्रीपरखालचा ओला भाग अरुंद आणि खोल होतो, गाजरासारखा. काळीत तो रुंद आणि उथळ, कांद्यासारखा. वाळूत त्याची त्रिज्या साधारण १५ ते २० सेंटिमीटरच्या वर जात नाही, १८ धरू. ३ लिटर पाणी, माती ६ टक्के भरायची, म्हणजे ५० लिटर माती भिजणार. १८ सेंटिमीटर त्रिज्येच्या गोलात ५० लिटर माती मावायला जवळजवळ ५० सेंटिमीटर खोली लागते. टोमॅटोची पाणी पिणारी बहुतेक मुळं वरच्या फूटभरात. उरलेलं पाणी त्याच्या खाली गेलं. यातही माती पार सुकलेली होती असं धरलं आहे. निम्मा ओलावा शिल्लक असताना तेच ३ लिटर दिले तर भिजायला जागा अर्धीच उरते आणि पाणी दुप्पट खोल जातं. रोज पाणी देणाऱ्याच्या रानात नेमकं हेच चालू असतं, आणि वरून काहीच दिसत नाही. काळीत जास्त पाणी झालं की चिखल होतो, चप्पल रुतते, निदान बोभाटा तरी होतो. वाळूत जास्त झालेलं पाणी चोरपावलांनी जातं.

उपाय म्हणजे तेच पाणी तुकड्यांत. दीड तासाऐवजी अर्ध्या तासाच्या तीन पाळ्या: सकाळी सात, अकरा आणि दुपारी अडीच. प्रत्येक पाळीला एक लिटर, तेवढं १६-१७ लिटर मातीत मुरतं आणि मुळं ते पुढच्या पाळीपर्यंत उचलतात. ड्रीपर जवळ घ्यायचे, ३० सेंटिमीटरवर, म्हणजे ओले गोल एकमेकांना भिडतात आणि मधली माती कोरडी राहत नाही. ताशी चार लिटरचा ड्रीपर लावल्यानं गोल थोडा रुंद होतो, पण त्या भरवशावर अंतर वाढवू नये. वाळू बाजूला ओढण्यात कच्चीच. पाळी संपल्यावर दोन तासांनी एका ड्रीपरशेजारी खड्डा काढून ओलाव्याची कड कुठवर गेली ते टेपनं मोजा. वर्षातून तीन वेळा, पीक लहान असताना, फुलोऱ्यात आणि फळ फुगताना, एवढं केलं तरी मोटरचे तास आपोआप दुरुस्त होतात.

आता यात वीज आडवी येते. कृषिपंपाला अनेक ठिकाणी ठरावीक तासच वीज, तीही पाळीपाळीनं, कधी रात्री. रात्री दोनला सोडलेलं दीड तासाचं पाणी पिकाला लागण्याआधीच खाली निघून जातं. काळीवाल्याला याचं सुखदुःख नाही. त्याचं पाणी सकाळपर्यंत जागेवरच असतं. हलक्या रानवाल्यानं म्हणून विहिरीपेक्षा आधी वरच्या बांधावर टाकीचा विचार करावा. एका एकराला दिवसाची ५ मिमी म्हणजे २० हजार लिटर. रात्री टाकी भरून घ्यायची आणि दिवसा उतारावर ठिबक चालवायचं. टाकी १० मीटर उंच असेल तर एक किलो दाब मिळतो. तेवढा उंचवटा माळावर सापडतो, पोयट्याच्या सपाट पट्ट्यात नाही. तिथे शेततळ्यातून छोटा सौर पंप बरा, कारण ऊन असतं तेव्हाच तो चालतो आणि पीकही तेव्हाच पीत असतं. (तळ्याला प्लास्टिकचा कागद हवाच. वाळूसर रानातलं बिनकागदाचं शेततळं म्हणजे चाळणीत दूध.)

पाटपाण्यावर हलकी जमीन भिजवायची तर हिशेब आणखी कडक. समजा सरी लांब आहे, पाणी शेवटपर्यंत पोचायला दोन तास लागतात आणि माती ताशी ४० मिमी पिते. सरीच्या तोंडाशी शेवटापेक्षा ८० मिमी जास्त मुरणार. तिथल्या ३० सेंटिमीटर मातीची ऐपत आहे १८ मिमीची. दारं धरणाऱ्याला, म्हणजे सरीत पाणी सोडणाऱ्याला, वाटतं शेवटचं रोप भिजलं, काम झालं. तोंडाकडच्या रोपांची खतं मात्र विहिरीत. वाळूसर जमिनीत सरी ३०-४० मीटरच्या पुढे नेऊ नये आणि पाण्याची धार मोठी ठेवून लवकर शेवट गाठावा. कालव्याच्या तीन-चार आठवड्यांनी येणाऱ्या आवर्तनावर तर या जमिनी चालतच नाहीत. मध्ये विहीर हवी.

खताबद्दल थोडक्यात, कारण ते पाण्याच्याच पाठीवर बसून जातं. जमीन वाफशाला असताना वर १० मिमी पाणी जादा दिलं तर वाळूत नायट्रेट १० सेंटिमीटर खाली सरकतं, काळीत अडीचेक. तीन जादा पाण्यात वाळूतलं नत्र मुळांच्या हद्दीबाहेर. युरिया टाकून लगेच भरपूर पाणी देणं म्हणजे पैसे पाटात सोडणं. विद्राव्य खत पाळीच्या मधल्या तिसऱ्या हिश्शात सोडा आणि शेवटी नळ्या धुण्यापुरतंच साधं पाणी. याच गुणाचा एक लाभही आहे: खारवट झालेली वाळूसर जमीन दोन चांगल्या पावसांत धुऊन निघते, चोपण (क्षारांनी घट्ट झालेल्या) काळीसारखी वर्षानुवर्षं रडवत नाही.

थरांचा विषय मात्र जरा रेंगाळून बघण्यासारखा आहे, कारण इथे पाणी आपल्या समजुतीच्या उलट वागतं. बारीक मातीखाली जाड वाळूचा किंवा खडीचा थर असेल तर वरचं पाणी झटकन खाली जाईल असं वाटतं. प्रत्यक्षात ते सीमेवर अडतं. बारीक पोकळ्यांनी घट्ट धरलेलं पाणी रुंद पोकळीत उडी मारत नाही. वरची माती तळाशी जवळजवळ पूर्ण भिजेपर्यंत एक थेंब खाली उतरत नाही. कुंडीच्या तळाशी निचऱ्यासाठी खडे घालायची पद्धत म्हणूनच उलटी पडते. नाशिक एके काळचं गुलशनाबाद, गच्चीगच्चीवर गुलाब. आणि त्यातले कितीतरी याच खड्यांमुळे मुळं कुजून जातात. ओल्या मातीचा तो थर खड्यांनी नाहीसा होत नाही, नुसता वर सरकतो. त्याची उंची मातीच्या पोकळ्यांवर ठरते, कुंडीच्या उंचीवर नाही. १५ सेंटिमीटरच्या कुंडीत तळचे १० सेंटिमीटर चिंब असतील तर मुळाला श्वास घ्यायला पाचच उरतात. तीच माती ३० सेंटिमीटर खोल कुंडीत घातली तर वीस. खडे काढा, भोकावर जाळीचा तुकडा ठेवा आणि खोल कुंडी घ्या.

हाच नियम शेतात कधी उपकारी ठरतो. फूट-दीड फूट चांगल्या मातीखाली भरड वाळूचा पट्टा असलेलं गोदाकाठचं रान नुसत्या मातीच्या मानानं जास्त पाणी धरतं, आणि तिथला शेतकरी म्हणतो, 'या तुकड्यात काहीतरी गुण आहे.' त्याच पट्ट्यानं दुसऱ्या बाजूनं अडचणही होते: मूळ त्या कोरड्या वाळूत शिरायला तयार नसतं.

धरणातला गाळ हलक्या रानात टाकणं हा आपल्याकडचा सर्वांत खात्रीचा इलाज. सरकारची 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना २०१७ पासून आहे, आणि कल्पना त्याहून पुष्कळ जुनी. पण मापात टाकणारे थोडे. एका एकरावर १ सेंटिमीटर गाळ म्हणजे ४० घनमीटर, म्हणजे चौदाएक ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). काही फरक दिसायचा तर ५ सेंटिमीटर हवा, म्हणजे सत्तरएक ब्रास. तो वरच्या वीतभर मातीत मिसळला की त्या थराची पिकाला देण्याजोगी ऐपत १२ मिमीवरून १८-२० वर जाते. उन्हाळ्यात पसरा, ढेकळं उन्हात तडकू द्या, वळवाच्या पहिल्या सरीनं ती विरघळू द्या आणि मग आडवी-उभी वखरणी करून मिसळा. मिसळलाच नाही तर वर काळी खाली वाळू असा थर तयार होतो आणि कुंडीतली गोष्ट शेतात घडते: वर पाणी तुंबतं, खाली कोरडं ठाक. उलटा प्रयोग, काळीत दहा-वीस ट्रॉल्या वाळू टाकून ती भुसभुशीत करण्याचा, करूच नये. चिकणमाती त्या वाळूच्या कणांमधल्या फटी भरून टाकते आणि वाळल्यावर विटेसारखं होतं. निम्म्याहून जास्त वाळू घातली तरच काळीचा स्वभाव बदलतो, आणि तेवढी वाळू कोणाला परवडते?

शेणखताबद्दल बोलताना जरा जपून. सेंद्रिय कर्ब वाढवा, जमीन स्पंज होईल, असं सगळीकडे ऐकू येतं. कर्ब पूर्ण १ टक्क्यानं वाढला तरी १० सेंटिमीटर थरामागे पिकाला मिळणारं पाणी सरासरी एखादा मिलिमीटरच वाढतं. वाळूत थोडं जास्त. आणि तो १ टक्का वाढवायचा म्हणजे काय? एका एकराच्या १५ सेंटिमीटर थराचं वजन सुमारे ९०० टन, त्याचा १ टक्का ९ टन कर्ब. चांगल्या कंपोस्टमध्ये कर्ब १५ ते २० टक्के, म्हणजे एकरी ४५ ते ६० टन कंपोस्ट, आणि तेही सगळं जमिनीत टिकलं तर. आपल्या उन्हात हलक्या जमिनीतलं खत वर्ष-दोन वर्षांत बरंचसं जळून जातं. तरी शेणखत टाकावंच. ते अन्नद्रव्यं धरतं, माती बांधतं, पण त्याच्या जिवावर पाण्याची पाळी लांबवू नये. पाळी एखाद-दोन दिवस लांबवायची असेल तर उसाच्या पाचटाचं आच्छादन जास्त कामाचं, विशेषतः वरचा थर ठिबकानं सतत ओला राहत असेल तेव्हा.

आपल्या रानाची ऐपत मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. मीटरभर चौकोनाला मातीची वरंब घाला, आत शंभर लिटर पाणी हळूहळू सोडा, जिरलं की प्लास्टिकच्या कागदानं झाका म्हणजे उन्हानं उडणार नाही. वाळूसर रानात चोवीस तास, काळीत तीन दिवस थांबा. मग १५ आणि ३० सेंटिमीटरवरची माती काढून लगेच तोला, वाळवा, पुन्हा तोला. १०६ ग्रॅमची १०० झाली तर वजनाच्या हिशेबात ६ टक्के. वाळूसर मातीची घनता १.५५ धरून घनफळाचे ९.३ टक्के, म्हणजे ३० सेंटिमीटरमध्ये २८ मिमी. त्यातला दीड-दोन पंचमांश भाग पिकाला न मिळणारा. हीच परीक्षा भोक पाडलेल्या डब्यात करू नका. डब्याच्या तळाशी तोच चिंब थर साचतो आणि वाळूचा आकडा फुगतो. तव्यावर वाळवायची घाई असेल तर आच मंद ठेवा. माती धुरकटली की तिच्यातलं सेंद्रिय जळतंय आणि वजन खोटं झालंय.

वाळूचं हे देणं सगळ्यात उघड दिसतं ते नदीच्या पात्रात. एक घनमीटर भरड वाळूत पोकळी जवळजवळ ४०० लिटरची. त्यातलं अडीचशे लिटर पाणी ती मागितलं की देते. तेवढ्याच चिकणमातीत पोकळी जास्त, पण निथळून मिळेल वीस-तीस लिटर. म्हणजे पात्रातून उचललेली एक ब्रास वाळू सुमारे सातशे लिटर पाण्याची टाकीही बरोबर घेऊन जाते, आणि ती टाकी दरवर्षी आपोआप भरणारी होती. ट्रकच्या पावतीवर हा आकडा नसतो. नाशिक शहरात गोदेच्या तळातलं काँक्रीट काढा, अशी मागणी बऱ्याच वर्षांपासून आहे. तिच्यामागची एक साधी बाब हीच, की काँक्रीटच्या तळाला पाणी घेताही येत नाही आणि देताही येत नाही.

गिरणा, मोसम, आरमच्या कोरड्या पात्रात उन्हाळ्यात झिरा, म्हणजे पाण्यासाठी वाळूत खड्डा, काढतात तेव्हा कडांना ओलावा दिसायला लागतो आणि नवखा माणूस हात थांबवतो. खालून काही येत नाही. वाळू काळीशार ओली, हाताला गार, दाबली तर बोटाला पाणी लागतं, आणि खड्ड्यात मात्र थेंब नाही. ते पाणी बारीक पोकळ्यांनी वर ओढून धरलेलं असतं. मध्यम वाळूत त्याची उंची वीतभर. ते धरलेलं असेतो खड्ड्यात उतरत नाही. म्हणून जाणती बाई ओल लागल्यावर आणखी वीतभर खणते. कडा ढासळू नयेत म्हणून तोंड ऐसपैस ठेवते, तळाशी बुड नसलेला डबा किंवा फुटक्या माठाचा गळा बसवते. पहिलं गढूळ पाणी वाटीनं उपसून बाहेर, दुसरंही बाहेर. तिसऱ्या खेपेला डब्याच्या कडेनं पाणी सावकाश चढतं, वाळूचे दोन-चार कण तळाशी गोल फिरतात, बसतात, आणि ती वाटी तिरकी धरून हंडा भरायला लागते.